चिवट जंतू घेऊन घरी आलेल्या पेशंटला कसं सांभाळावं

डिस्चार्जच्या दिवशी हातात फाइल येते, औषधांची पिशवी येते, बिलाची धावपळ असते आणि त्या गडबडीत कोणीतरी सांगून जातं, "जंतू रेझिस्टंट आहे, घरी जपा." रेझिस्टंट म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारा. पण जपा म्हणजे नेमकं काय करा, हे सांगायला कोणाला वेळ नसतो. घरी आल्यावर शेजारपाजारचे सांगतात. एक म्हणतो खोलीत कडुनिंबाचा धूर करा. दुसरी म्हणते पेशंटचं ताट-तांब्या वेगळं काढा. मोबाइलवर कोणीतरी पाठवलेलं असतं की फरशी दिवसातून पाच वेळा फिनाइलने पुसा. यातल्या कशानेही जंतू अडत नाही, कारण तो ज्या वाटेने जातो ती वाट हे सगळं करूनही मोकळीच राहते.

मी मिरजेत ३१ वर्षं स्टाफ नर्स होते. निवृत्त झाल्यापासून सांगली, मिरज, तासगाव, हरिपूर अशी घरोघरी जाऊन अशा पेशंटची व्यवस्था लावून देते. लघवीची नळी असलेले, पडून पडून पाठीला जखमा झालेले, ऑपरेशनचे टाके पिकलेले. कूस कशी बदलायची, अंगावर पाणी कसं घ्यायचं हे तुम्हाला जमतं असं मी धरून चालते. जिथे हमखास चूक होते तिथेच मी थांबणार आहे.

आधी रिपोर्ट मागून घ्या

डिस्चार्ज कार्डावर 'लघवीचा संसर्ग' एवढंच लिहिलेलं असेल तर ते पुरत नाही. कल्चरचा, म्हणजे लघवी, रक्त किंवा पू यातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा रिपोर्ट मागा. तो तुमचा हक्क आहे. त्यावर जंतूचं नाव असतं, ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्युडोमोनास, स्टॅफिलोकॉकस असं काहीतरी, आणि खाली अँटिबायोटिक्सची यादी असते. औषधापुढे 'एस' असेल तर ते त्या जंतूवर लागू पडतं, 'आर' असेल तर पडत नाही. 'ईएसबीएल' लिहिलं असेल तर तो जंतू पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली बहुतेक औषधं मोडून टाकणारा पदार्थ तयार करतो. 'सीआरई' असेल तर मेरोपेनेमसारखी, वॉर्डात राखून वापरली जाणारी इंजेक्शनंही त्याच्यावर चालत नाहीत. 'एमआरएसए' हा त्वचेवर आणि नाकात राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचा निबर झालेला, मेथिसिलिन गटातल्या औषधांना न जुमानणारा प्रकार. मेथिसिलिन हे औषध वापरात येऊन वर्ष-दोन वर्षं होतात न होतात तोच, १९६१ साली, इंग्लंडमध्ये तो सापडला.

कवठेमहांकाळकडच्या एका घरात रिपोर्टवर 'एनडीएम' दिसलं. घरातल्या मुलाने मोबाइलवर शोधलं, तर त्यात 'न्यू दिल्ली' निघालं. सगळं घर हादरलं. "सिस्टर, आमचे आण्णा कधी दिल्लीला गेलेच नाहीत, मग हा जंतू आला कुठून?" त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगते. एनडीएम हे जंतूचं नाव नाही. अँटिबायोटिक मोडणाऱ्या एका पदार्थाचं ते नाव आहे. दिल्लीच्या दवाखान्यात राहून स्वीडनला परतलेल्या एका पेशंटमध्ये २००८ साली तो पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून ते नाव पडलं. हा पदार्थ कसा बनवायचा याची माहिती डीएनएच्या एका छोट्या कड्यावर असते आणि एक जंतू ते कडं दुसऱ्याला देऊ शकतो, दुसऱ्या जातीच्या जंतूलासुद्धा. त्यामुळे दिल्लीचा जंतू कवठेमहांकाळला यायची गरज नसते. जो जंतू आधीच आतड्यात आहे, त्यालाच ती माहिती मिळते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. रेझिस्टंट जंतू इतरांपेक्षा जास्त विषारी असतोच असं नाही. घरातल्या धडधाकट माणसाच्या आतड्यात तो गेला तर बहुतेक वेळा काही होत नाही, तो तिथे नुसता राहतो. पुढे त्याच माणसाचं ऑपरेशन झालं, नळी लागली, केमोथेरपी सुरू झाली आणि तो जंतू रक्तात शिरला, की मग त्याला मारायला औषध सापडत नाही. म्हणून जपायचं.

खोली आणि माणूस

स्वतंत्र खोली असेल तर तिथे ठेवा, नसेल तर खिडकीजवळची कॉट द्या.

पण पेशंटला वाळीत टाकू नका. वाळवा तालुक्यातल्या एका गावात तात्यांना गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं होतं. जर्मनचं ताट उंबऱ्यातून आत सरकवायचे, नातवाला दारातही उभं राहू द्यायचे नाहीत. आठ दिवसांत तात्यांनी जेवण सोडलं. मी गेले तेव्हा त्यांचं एकच म्हणणं होतं, "मला कुष्ठरोग झालाय का, तेवढं सांग." मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं, कारण ह्या सगळ्याची काही गरज नव्हती. हा जंतू बोलण्यातून, शेजारी बसण्यातून, पाठीवर हात फिरवण्यातून घरभर पसरत नाही. ताट-वाटी साबणाने नीट घासली की ती सगळ्यांना चालते. नातवाने आजोबांजवळ बसावं, गोष्ट ऐकावी, उठताना हात धुवावेत.

आणि त्याच घरात आजोबांची लघवीची पिशवी मोरीत, जेवणाच्या भांड्यांशेजारी रिकामी केली जात होती.

हात

नर्सिंगच्या पहिल्या वर्षात आम्हाला व्हिएन्नाच्या डॉ. सेमेलवाइसची हकीकत शिकवली होती. १८४७ साली त्याच्या दवाखान्यात बाळंतिणी तापाने मरत होत्या. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत होते. त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. जंतूंमुळे रोग होतो हे तेव्हा सिद्धही झालं नव्हतं, पण वाट सापडली होती, आणि ती वाट हातांची होती. आजही तीच आहे.

साबण आणि वाहतं पाणी, ४० ते ६० सेकंद. बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांच्या कडा. अंगठा सगळे विसरतात. हात दिसायला स्वच्छ असतील तर सॅनिटायझर चालतो, पण हाताला काही लागलं असेल किंवा पेशंटला जुलाब होत असतील तर साबणच हवा.

आपल्याकडच्या बायकांना तीन गोष्टी सांगाव्या लागतात. काचेच्या बांगड्या काढा असं मी म्हणणार नाही, त्या कोपराकडे सरकवून वर रबर लावा. अंगठ्या मात्र काढा. आणि धुतलेले हात पदराला पुसू नका. पदर दिवसभर ओट्याला, कॉटला, बाळाच्या तोंडाला लागलेला असतो. पेशंटचं करताना पदर कमरेला खोचा, मंगळसूत्र आत घ्या. पुरुषांच्या मनगटाला देवाचा दोरा असतो. तो ओला झाला की दिवसभर ओलाच राहतो आणि हात कितीही धुतले तरी त्याखालची त्वचा स्वच्छ होत नाही. पेशंटची सेवा चालू आहे तोवर तो देव्हाऱ्यात ठेवा. कोणताही देव याला नाही म्हणणार नाही.

लघवीची पिशवी: इथे सगळं बिघडतं

मी नोकरीला नवी होते तेव्हाची गोष्ट, मिरजेला येण्याआधीची, दुसऱ्या जिल्ह्यातली. पुरुषांच्या वॉर्डात नळी लावलेले चार पेशंट ओळीने होते. मी पहाटे पाचला पिशव्या रिकाम्या करत निघायची. हातात मोजे, एक मापाचं भांडं. एकाची पिशवी रिकामी केली, माप लिहिलं, भांडं विसळलं, पुढची कॉट. मोजे घातलेत म्हणजे सगळं नीट आहे अशी माझी खात्री होती. पंधरवड्यात तिघांचे कल्चर रिपोर्ट आले. तिन्हींवर एकच जंतू, औषधांच्या यादीत तीच औषधं 'आर', तीच 'एस', जणू एकाच रिपोर्टच्या तीन झेरॉक्स. आमच्या मॅडमनी ते तीन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "या तिघांना जोडणारी गोष्ट कोणती?" मी भांड्याचं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, "भांडं आणि तुझे मोजे." त्यातला एक पेशंट पुढे रक्तात संसर्ग होऊन गेला. त्यानंतर ही पिशवी मी कधी घाईत हाताळली नाही, आणि घरात कोणी घाईने हाताळताना दिसलं तर मी आजही थांबवते.

मोज्यांचं आधी सांगते. मोजे तुमच्या हाताला वाचवतात, बाकी कोणाला वाचवत नाहीत. मोजे म्हणजे हातातलं पायताण समजा. बाहेरून आल्यावर तुम्ही चपला उंबऱ्याबाहेर काढता, चपला घालून देवघरात जात नाही. तसंच पिशवीला लागलेले मोजे त्या कामापुरतेच. मी घरोघरी पाहते, मोजे घालून पिशवी रिकामी करतात, त्याच मोज्यांनी उशी सारखी करतात, पाण्याचा ग्लास तोंडाला लावतात, फ्रिजचं दार उघडून गोळी काढतात. उघड्या हाताला ओलं लागलं असतं तर माणूस लगेच धुवायला पळाला असता. मोज्यांमुळे ते जाणवत नाही, म्हणून मोजेवाला हात जास्त ठिकाणी फिरतो. आणि मोजे काढल्यावर हात धुवायचेच, कारण मोज्याला बारीक भोक असू शकतं आणि काढताना बाहेरची बाजू मनगटाला लागतेच.

आता पिशवी टांगायची कुठे. पिशवी नेहमी पेशंटच्या कमरेपेक्षा खाली हवी आणि फरशीला टेकलेली नको. दवाखान्याच्या कॉटला दांडी असते, घरच्या दिवाणाला नसते. मग लोक पिशवी गादीवर ठेवतात किंवा सरळ फरशीवर टाकतात. गादीवर ठेवली की नळीतली लघवी उलटी मूत्राशयात जाते आणि पिशवीतले जंतू बरोबर घेऊन जाते. दिवाण असेल तर कडेला एस आकाराचा हूक लावा. तेही जमत नसेल तर स्वच्छ कोरडी बादली खाली ठेवा आणि तिच्या काठाला पिशवी अडकवा. ती बादली दुसऱ्या कशाला वापरायची नाही. रिक्षात, ॲम्ब्युलन्समध्ये, व्हीलचेअरवर पेशंटला बसवताना पिशवी त्याच्या मांडीवर किंवा पोटावर ठेवतात, हे मी दर आठवड्याला पाहते. मिरज स्टेशनवर रेल्वेतून पेशंट उतरवतानासुद्धा पाहिलंय. पिशवी धरायला एक वेगळा माणूस ठेवा आणि त्याला एवढंच सांगा, हात खाली.

रिकामी कधी करायची? दोन तृतीयांश भरली की. पूर्ण भरेपर्यंत थांबलात तर वजनाने नळी ओढली जाते, आतली नाजूक त्वचा खरचटते.

रिकामी करायला एक वेगळं भांडं आणा. त्यावर लाल ऑइलपेंटचा पट्टा मारा. अंघोळीच्या बादलीत पडलेला मग वापरू नका. घरात एकच बाथरूम असेल तर हीच सगळ्यात धोक्याची जागा आहे. सकाळी आजोबांची पिशवी ज्या मगमध्ये रिकामी केली, त्याच मगने तासाभराने बाळाच्या अंगावर पाणी. हे मी ऐकीव सांगत नाही. माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आणि दवाखान्यातून नळी घेऊन आलेले वडील, एकाच आठवड्यात, एकाच घरात, हे आपल्याकडे नवीन नाही. विश्रामबागेतल्या अशाच एका घरात मी पहिल्या दिवशी बाथरूममधले तिन्ही मग उचलून बाहेर ठेवले आणि नवे आणायला लावले. वहिनी नाराज झाल्या. मी माघार घेतली नाही. नवजात बाळाच्या आतड्यात कोणते जंतू आधी वस्तीला येतात ते असंच ठरतं.

कृती अशी. हात धुवा, मोजे घाला. लाल पट्ट्याचं भांडं खाली धरा आणि पिशवीची तोटी उघडा. तोटीचं तोंड भांड्याला टेकता कामा नये. माझी चूक इथेच होत होती. तोटी भांड्याच्या काठावर टेकवली की सोपं जातं, शिंतोडे उडत नाहीत, आणि भांड्यावर जे आहे ते तोटीवर जातं, तोटीवरून पिशवीत. सगळी लघवी निघाली की तोटी बंद करा, स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. भांड्यावर झाकण ठेवूनच संडासात न्या, खाली वाकून हळू ओता, पाणी टाका. मोरीत नाही, बेसिनमध्ये नाही. बेसिनच्या आणि मोरीच्या ओल्या जाळीखाली क्लेब्सिएला, स्युडोमोनास असे जंतू महिनोन् महिने राहतात, वरून जोरात पाणी पडलं की शिंतोड्यांबरोबर परत भांड्यांवर येतात. मग भांडं साबणाने धुवा, ब्लीचच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, बाहेर काढून उन्हात पालथं घाला. मोजे उलटे करून काढा. हात धुवा. त्यानंतरच दाराची कडी.

हा क्रम कोणत्याही कारणाने मोडू नका. दारावरची बेल वाजली तर वाजू दे, फोन वाजला तर वाजू दे. एकदा मधेच उठलात की तुम्ही कुठे कुठे हात लावला ते तुम्हालाच आठवत नाही.

नळी आणि पिशवी यांचा सांधा उघडू नका. पिशवी धुवायची म्हणून सांधा सोडवणारे कंपाउंडर मी पाहिलेत, ते कितीही अनुभवी असले तरी ऐकू नका. ही सगळी व्यवस्था बंद राहण्यासाठी बनवलेली आहे, उघडली की बाहेरच्या जंतूला सरळ आतला रस्ता. पिशवीत डेटॉल किंवा सॅव्हलॉन ओतण्याचा काही उपयोग नाही. नळीच्या तोंडाशी रोज आणि शौचानंतर साध्या साबणाने धुवायचं, पुढून मागे. बस.

नळीच्या आत काय होतं हे कळलं की हे नियम जाचक वाटणार नाहीत. कृष्णेच्या घाटावर पाण्यातल्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं ते पाहिलंय ना? पाणी दिवसरात्र वरून वाहतं, शेवाळ निघत नाही, उलट पाय घसरतो. नळीच्या आत जंतू तसाच बुळबुळीत थर धरून बसतात. अँटिबायोटिक वरून वाहून जातं, थराच्या तळाशी पोहोचत नाही. वरचे मरतात, तळातले टिकतात, आणि टिकलेल्यांचीच पुढे पैदास होते. म्हणून नळी आत असताना 'जंतू पूर्ण संपवू' म्हणून औषधामागून औषध देत राहणं म्हणजे निवडून निवडून निबर जंतू वाढवणं.

जखम

ड्रेसिंग डॉक्टरांनी दाखवलं तसंच करा. हळद लावू नका. मी सांगलीची आहे, हळदीच्या पेठेत लहानाची मोठी झाले, इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मलाही अभिमान वाटला. पण स्वयंपाकाच्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि दुसरं, ती जखमेचा रंग झाकते. कडा लाल झाल्यात, पू हिरवट झालाय, मांस काळं पडतंय, हे डोळ्यांनी दिसायला हवं. पिवळ्या थराखाली ते दिसत नाही आणि चार दिवस वाया जातात. काढलेलं ड्रेसिंग कागदात गुंडाळून, पिशवीला गाठ मारून घंटागाडीत वेगळं द्या.

कपडे, फरशी, ब्लीच

मळलेले कपडे न झटकता उचला, गरम पाण्यात साबणाने धुवा, कडक उन्हात वाळवा.

फरशीवर जीव काढू नका. फरशी कोणी तोंडात घालत नाही. पुसायचं असेल तर लाइटची बटणं, दाराची कडी, फ्रिजचं हँडल, टीव्हीचा रिमोट, वॉकरची मूठ, कॉटची कड आणि मोबाइल पुसा. मोबाइल स्पिरिटने. बाकीच्यांना कपड्यांचं साधं पातळ ब्लीच चालतं. बाटलीवर चार-पाच टक्के लिहिलेलं असेल तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी. रोज नवं करा, कालचं फेकून द्या. आधी साबणाने मळ काढा आणि मग ब्लीच लावा, मळावर ब्लीच ओतलं तर ते मळातच खर्ची पडतं. आणि संडास धुवायच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो, बंद बाथरूममध्ये माणूस बेशुद्ध पडू शकतो.

भेटायला येणारे

डझनभर केळी आणि शहाळी घेऊन माणसं येणारच, आणि यायलाही हवीत. दारात सॅनिटायझर ठेवा, आत खुर्ची ठेवा. पेशंटच्या गादीवर कोणी बसायचं नाही, पिशवीत किती लघवी आहे हे हात लावून बघायचं नाही, आणि तिथून उठून थेट बाळाला घ्यायचं नाही. आत्या-मावशीला हे सांगायला सुनेला अवघड जातं. घरातल्या मोठ्या माणसाने सांगावं.

ताप आला तर

लघवी गढूळ झाली, वास आला, की लोक मेडिकलमध्ये धावतात. जुनी नळी असलेल्या माणसाच्या लघवीत जंतू असणारच. महिनाभर नळी राहिली की जवळपास प्रत्येकाच्या लघवीत असतात. नुसत्या वासावरून, नुसत्या रंगावरून अँटिबायोटिक सुरू करायचं नाही, आणि सहज म्हणून कल्चर पाठवायचं नाही, कारण त्यात काहीतरी उगवणार आणि मग ते कोणीतरी औषधाने मारायला निघणार.

थंडी वाजून ताप, ओटीपोटात किंवा कमरेत दुखणं, लघवी थांबणं, म्हाताऱ्या माणसाने अचानक असंबद्ध बोलायला लागणं, ही खरी लक्षणं. यातलं काही झालं तर डॉक्टरांकडे. श्वास जोरात चालतोय, हातपाय गार पडलेत, माणूस झोपेतून उठत नाही, तर कशाचीही वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात.

डॉक्टरांना एकच विनंती करा: औषधाचा पहिला डोस देण्याआधी कल्चरला नमुना जाऊ दे. डोस गेल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू उगवेलच असं नाही, आणि मग कोणतं औषध चालतं ते कधीच कळत नाही. नमुना पिशवीतला द्यायचा नाही. पिशवीतली लघवी तासन् तास साठलेली असते, तिथे सगळेच जंतू वाढतात. नळी जुनी असेल तर डॉक्टर ती बदलून नव्या नळीतून नमुना घेतात, तोच खरा. बाटली तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोचवा, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. पेशंट गंभीर असेल तर डॉक्टर तोवर अंदाजाने औषध सुरू करतील, ते बरोबर आहे. पण रिपोर्ट आला की तो घेऊन परत जा आणि विचारा, आता हेच चालू ठेवायचं की बदलायचं. हा दुसरा फेरा निम्मी माणसं मारतच नाहीत.

मेडिकलवाल्याकडून परस्पर गोळी आणू नका. पाकिटावर उभी लाल रेष दिसली की ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. वरच्या दर्जाच्या बऱ्याच अँटिबायोटिक्सवर लाल चौकटीतली सूचना असते, मार्च २०१४ पासून दुकानदाराला त्यांची विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावी लागते. मागच्या वेळच्या उरलेल्या चार गोळ्या फ्रिजच्या दारात ठेवलेल्या असतात, त्या आज काढून टाका. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ साली नोबेल घेताना भाषणात हाच इशारा दिला होता. कोणीतरी स्वतःच्या मनाने अपुरी मात्रा घेईल आणि जंतूंना औषधाची सवय लावेल. पाऊणशे वर्षांहून जास्त काळ झाला, आपल्या फ्रिजच्या दारात त्या चार गोळ्या अजून आहेत.

नळी काढण्याचं विचारा

दर भेटीला डॉक्टरांना विचारा, नळी अजून का हवी? प्रोस्टेटमुळे लघवी अडकते, मणक्याला मार आहे, जखम भिजू नये म्हणून आहे, यातलं काही असेल तर ठीक. चादरी बदलायचा त्रास वाचतो म्हणून ठेवली असेल तर काढायला सांगा. डायपर आणि दर दोन तासांनी भांडं देणं कष्टाचं आहे, मला माहीत आहे, मी ते केलंय. तरी नळीपेक्षा ते बरं. नळी काढायची ती डॉक्टरांनी किंवा सिस्टरने, घरी ओढायची नाही, आत फुगा असतो.

नळी निघाल्यावरही तो जंतू आतड्यात काही महिने राहू शकतो. त्याला शोधायला पुन्हा पुन्हा तपासण्या करू नका आणि पेशंट बरा असताना त्याला मारायला औषधही मागू नका. पेशंटचे हात शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने धुवून द्या, स्वयंपाकघरात जाणाऱ्याचेही. आणि त्या कल्चर रिपोर्टच्या दोन झेरॉक्स काढा. एक पेशंटच्या आधार कार्डाबरोबर पाकिटात ठेवा, एक तुमच्या. पुढे कधी पडला-झडला, मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, रात्री-अपरात्री ॲडमिट करावं लागलं, तर केसपेपर काढायच्या खिडकीशीच तो कागद पुढे करा. म्हणजे त्यांना कॉट कुठे द्यायची आणि कोणतं औषध द्यायचं नाही, हे पहिल्या तासात कळेल.